पहिलीच्या वर्गात तान्हा पोळा कसा साजरा करावा?

प्रश्न: पहिलीची वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार. आमच्या शाळेत दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा, होतो. मुले लाकडी नंदी घेऊन येतात, सजावटीला बक्षिसे मिळतात आणि खाऊ वाटून तासाभरात सगळे आटोपते. गेल्या वर्षी एका मुलीने स्वतः पुठ्ठा कापून बैल केला होता. शेजारच्या मुलाचा झूल पांघरलेला, चाकांचा मोठा नंदी पाहताच तिने आपला बैल दप्तरात ठेवला आणि शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. ते मला अजून विसरता आलेले नाही. वर्गातील ३४ मुलांपैकी बहुतेकांनी औताला जुंपलेला बैल पाहिलेलाही नाही. पालकांना खर्चात न पाडता, सहा वर्षांच्या मुलांना उमजेल असा हा सण कसा करता येईल?

उत्तर १: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, यवतमाळ जिल्हा

ताई, सजावटीआधी खांद्यापासून सुरुवात करून पाहा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून शेकतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना सांगतात. खांदाच का, असे मी मुलांना विचारतो. मग एक जुने जू वर्गात आणून त्यावर त्यांना हात फिरवू देतो. दप्तराचा पट्टा खांद्याला कुठे रुततो हे प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे वर्षभर जू वाहणाऱ्या जनावराला श्रावण अमावास्येला कामातून सुटी का देतात, हे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर मातीचे बैल करावेत. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून ती चाळून त्यात थोडा भिजवलेला कागदाचा लगदा मळून घ्यावा. पाय आखूड आणि जाड ठेवायला सांगावे, नाहीतर बैल बसतो आणि मूल रडते. शिंगे व वशिंड चिकटवताना चिखलाचे बोट लावावे. बैल दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावेत आणि मग गेरू व चुन्याने रंगवावेत. सर्वांना सारखीच माती दिली की दप्तरात लपवावा असा बैल कोणाचाच राहत नाही.

उत्तर २: निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

आमच्या भागात हाच सण आषाढात बेंदूर म्हणून होतो. आपल्या वर्गात बाहेरगावची मुले असतील, तर ‘तुमच्याकडे बैलांचा सण कधी असतो?’ एवढा एकच प्रश्न घरी विचारून यायला सांगावे. उत्तरे वेगवेगळी येतील आणि त्यांतली कोणतीही चुकीची नसेल. एखाद्या आजोबांना वर्गात बोलावता आले तर फार उत्तम; वेसण, कासरा, घुंगरमाळ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेले मुलांच्या लक्षात राहतात. ट्रॅक्टर आल्यावर घरचे बैल कसे गेले, हेही त्यांना सांगू द्यावे. ते मुलांपासून लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर ३: पालक, नागपूर

स्पर्धा बंद व्हावी, हे मला पटते. परंतु लाकडी नंदीला मात्र वर्गाबाहेर ठेवू नये, अशी विनंती आहे. आमच्या घरचा नंदी माझ्या पणजोबांच्या वेळचा आहे आणि चार पिढ्यांच्या हातांनी त्याचे कान गुळगुळीत झाले आहेत. असे एक-दोन नंदी मधोमध ठेवून ते कोणी घडवले, कशाने कोरले हे मुलांना शोधू द्यावे. सुताराचे कौशल्यही या सणाचाच भाग आहे.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. यंदा बक्षिसे ठेवणार नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी माती मळायला घेऊ आणि तान्ह्या पोळ्याला मुले आपापले बैल घेऊन शाळेतल्या प्रत्येक वर्गाच्या दारात जातील. बोजारा, म्हणजे बैल घेऊन दारात आलेल्या मुलांना द्यायची भेट, म्हणून पैसे न देता मूठभर ज्वारीच्या लाह्या द्याव्यात, असे मुख्याध्यापकांना सुचवले असून त्यांनी होकार दिला आहे. आता फक्त एक जू हवे आहे. नागपूरजवळ कोणाकडे असल्यास दोन दिवसांसाठी द्यावे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.