‘तालीम’ खोडून ‘व्यायामशाळा’?

पेठेतला अभ्यासक
मंडळी, एका शब्दावर अडलोय. कोल्हापूरच्या पेठांमधल्या सार्वजनिक जीवनावर माझा पीएचडीचा प्रबंध चालू आहे. लेखन इंग्रजीत, सोबत मराठी सारांश जोडायचा आहे. त्यात जिथे जिथे मी ‘तालीम’ लिहिलं, तिथे तपासणाऱ्या सरांनी लाल पेनानं ‘व्यायामशाळा’ केलंय. तालीम हा बोलीतला शब्द, बाहेरच्याला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं एक वाक्य खंडोबा तालीम आणि पाटाकडील तालीम यांच्यातल्या फुटबॉल सामन्याबद्दल आहे. दोन व्यायामशाळा शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात, असं लिहू का?

शब्दवेडी
बोलीतला कसा? पुण्यात मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, त्याला कुणी गुरुजी व्यायामशाळा म्हणत नाही. नाटकवाल्यांची तालीम आहेच. ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला गायक’ हे तर वर्तमानपत्रातही छापून येतं. मूळ शब्द अरबी, अर्थ शिकवणं. इल्म, आलिम, तालीम ही एकाच धातूची भावंडं. म्हणजे मुळात त्यात व्यायाम नाहीच, शिक्षण आहे.

जुना मास्तर
ताई, तुम्हीच माझं काम सोपं केलंत. शब्द अरबी आहे, मग विद्यापीठीय लेखनात स्वभाषेतला स्वच्छ शब्द असताना तो का वापरायचा? सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक नाकं मुरडत होते. आज कोल्हापूरच्या महापालिकेत दुसरा शब्द कुणाला सुचतो का? वापरला की रुळतो. सरांचं बरोबर आहे.

खासबाग
मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो, महापौर हे पद नवं होतं म्हणून शब्द नवा चालला. तालीम आमच्याकडं कधीची हाय.

व्यायामशाळेत माणूस जातो, घाम गाळतो, घरी येतो. तालमीचा माणूस घरी येऊनबी तालमीचाच राहतो. मी पोरगा असताना पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, खणायचं काम आमच्याकडं असायचं. लाल माती फावड्यानं वरखाली करायची, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर. पायाला खडा लागला तर वस्ताद पुन्हा चाळायला लावायचे. जोर-बैठका त्याच्यानंतर. आणि त्याच तालमीत संध्याकाळी म्हातारी माणसं पानाचा डबा घेऊन बसायची, दोन घरांतलं भांडण आलं तर तिथंच मिटायचं. गणपती तालमीचा. मोहरमात पंजे बसायचे ते बी तालमीत, आणि पुढं नाचायला सगळ्या जातीधर्माची पोरं. पूर आला की बोटी घेऊन जाणारी पोरं तालमीची. हौदा बुजून वर हॉल झाला तरी नाव तालीमच राहिलं, कारण नाव मातीला नव्हतं, माणसांच्या गोतावळ्याला होतं.

शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत मैदान उभं केलं ते कुस्ती बघायला. ते मैदान. शिकायची जागा ती तालीम. आणि आखाडा आणखी वेगळा. हे तिन्ही एकाच शब्दात कोंबू नका.

गिरणगावकर
खासबागदादा, मुंबईत मात्र चित्र उलटं आहे. लालबाग-परळला आमच्या आजोबांच्या तोंडी व्यायामशाळाच होती. कोल्हापूर-साताऱ्याचे गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि व्यायामशाळेत जमायचे. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणी कामगारांच्या वस्त्यांचा अभ्यास केला, त्यात या जागा आणि तिथले ‘दादा’ येतात. मुद्दा हा की त्यांनी इंग्रजीतही ‘दादा’ तसाच ठेवला. ‘चाळ’ तर इंग्रजी कोशात जाऊन बसली. इंग्रजी लेखन आपला शब्द सांभाळतं आणि मराठी सारांशात तो खोडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या उल्लेखाला दोन ओळींत अर्थ सांगा, पुढे बिनधास्त तालीम लिहा.

पेठेतला अभ्यासक
सरांना हे दाखवतो. शीर्षकाचंही विचारून घेतो. मी ‘शहरी संस्कृती’ लिहिलंय, त्यांनी ‘नागरी संस्कृती’ केलंय.

जुना मास्तर
नागरीच. शहर फारसी.

शब्दवेडी
नागरी म्हटलं की मला आधी सहकारी बँक आठवते, मग नागरी संरक्षण, मग लिपी. एवढी गर्दी असलेला शब्द शीर्षकात नको. याच वाटेवर एक शब्द आपण कायमचा गमावलाय. मुंबई विद्यापीठात 1919 साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याच्या नावात ‘सिव्हिक्स’ही होतं. गेडिस यांच्या लेखी सिव्हिक्स म्हणजे शहराचा अभ्यास. गल्ल्या पायी फिरायच्या, विहिरी-तळी बघायची, बाजार कुठून कुठे सरकला ते शोधायचं. आपण त्याचं नागरिकशास्त्र केलं आणि त्यात उरले ग्रामपंचायत, लोकसभा, हक्क आणि कर्तव्यं. शहर गेलंच. ‘नगरशास्त्र’ म्हटलं असतं तर आज या प्रबंधाला घर असतं.

जुना मास्तर
हे मात्र पटलं. पण बघा, ‘नगरशास्त्र’च म्हणालात, ‘शहरशास्त्र’ नाही म्हणालात.

गिरणगावकर
‘नगरशास्त्र’ म्हटलं की लोकांना नगररचना वाटेल, म्हणजे नकाशे आणि बांधकामाचा एफएसआय (चटईक्षेत्र).

खासबाग
तुम्ही नगर म्हणा नाहीतर शहर. आमच्या पन्हाळ्याकडच्या बायका माळव्याची, म्हणजे भाजीची, पाटी घेऊन येतात, त्या म्हणतात ‘शारात जातो’. ‘जाते’ बी न्हाई. तोच शब्द घ्या की.

जुना मास्तर
दादा, ‘शार’ हा अपभ्रंश. बोलण्यात गोड, लेखनात शहरच.

शब्दवेडी
मास्तर, अपभ्रंश म्हणायची घाई नको. फारसीत ‘शह्र’ आहे, ‘ह’ला ‘र’ चिकटून, मध्ये अकार नाही. तो अकार आपण घातला. पाटीवाल्या बाईनं ‘ह’ सोडला आणि स्वर लांबवला. बदल दोघांनी केला, मग एकच शुद्ध कसा?