मदत हवी आहे: पहिलीच कॅरिबियन क्रूझ, सोबत साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) आणि अडीच वर्षांचं पिल्लू

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण अलास्का आणि युरोपच्या क्रूझवरच जास्त लिहिलेलं दिसलं, म्हणून हा नवा धागा काढते.

आम्ही डॅलसजवळ राहतो. साबा-साबु जानेवारीअखेरपर्यंत इथे आहेत. साबुंनी टीव्हीवर कुठलीशी अजस्र बोट पाहिली आणि तेव्हापासून "एवढं लोखंड तरंगतं कसं ते आत जाऊन बघायचंय" हे पालुपद सुरू आहे. साबांचं बरोब्बर उलटं. त्यांना गोव्यातली फेरीबोटसुद्धा लागते. नवरा म्हणतो, तू ठरव. म्हणजे बिघडलं तर माझ्या नावावर. असो.

विमानाचा व्याप नको म्हणून गॅल्व्हस्टनहून निघणाऱ्या क्रूझ बघतेय, घरून पाचेक तास ड्राइव्ह आहे. दोन पर्याय आवडलेत. एक सात रात्रींचा: रोआतान, कोस्ता माया आणि कोझुमेल. दुसरा पाच रात्रींचा: कोझुमेल आणि प्रोग्रेसो. एवढं जायचंच तर सात रात्रींची करावी असं वाटतंय. तारखा नाताळच्या सुट्टीतल्या, नाहीतर लेकीची शाळा बुडवून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या. लेक नऊ वर्षांची आहे, तिला सध्या डायनोसॉरशिवाय काही दिसत नाही. धाकटा अडीचचा, अजून डायपरमध्ये.

प्रश्न बरेच आहेत. केबिन एक घ्यावी की दोन, आणि कुठल्या मजल्यावर? साबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, संकष्टी करतात. त्यांचं जेवणाचं काय होईल? धपाटे, दशम्या, भडंग नेता येतं का? साबुंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, गुडघाही दुखरा आहे. धाकट्याला पूलमध्ये सोडतात का? आणि जाहिरातीतल्या भाड्यावर आणखी किती खर्च धरावा? पासपोर्ट सगळ्यांचे आहेत, मुलं अमेरिकन नागरिक आहेत, तेव्हा कागदपत्रांचं काही नसावं.

---

खारेदाणे

पहिला पंधरवडा घ्या. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ यांच्या मधले हे दिवस वर्षातल्या स्वस्त दिवसांत मोडतात, नाताळचा आठवडा सगळ्यात महाग. हरिकेनचा हंगामही 30 नोव्हेंबरला संपलेला असतो.

केबिन दोनच घ्या. एका केबिनमध्ये चौघं मावतात ती भिंतीतून आणि छतातून उघडणारे बर्थ धरून, आणि बाथरूम एकच. 'कनेक्टिंग' मागा, म्हणजे दोन्हींच्या मध्ये दार असतं. स्वस्तात मिळते म्हणून 'गॅरंटी' केबिन घेऊ नका. त्यात जागा कंपनी ठरवते, आजी-आजोबा एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असंही होतं. बोट लागणाऱ्यांसाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन बरी, तिथे हलणं सर्वांत कमी. आणि नकाशात आपल्या डोक्यावर काय आहे ते बघा. पूल डेकच्या खाली झोपलात तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज ऐकत बसाल.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात मोठी फोडणी टिपची. माणशी, दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप बिलात चढतात, लहान मुलांचेही. तुम्ही सहा जण, पाच रात्री धरल्या तर पाचशे डॉलरच्या घरात गेलं. वायफाय वेगळं, सोडा आणि दारू वेगळी. पाणी, साधा चहा-कॉफी, बुफे आणि मुख्य डायनिंग रूम भाड्यात येतं. फोन बोटीवर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते चुकून पकडलं तर बिल बघून बोट लागेल :)

---

कागदीघोडा

थांबा, थांबा. "कागदपत्रांचं काही नसावं" या वाक्यापाशी अडलो. तुम्ही दोघं कुठल्या स्टेटसवर आहात? पासपोर्टमधला व्हिसाचा स्टँप चालू आहे का? आणि साबा-साबुंचा बी-1/बी-2, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, मल्टिपल एंट्रीचा आहे ना? क्रूझ गॅल्व्हस्टनहून निघून गॅल्व्हस्टनलाच आली तरी मध्ये तुम्ही देशाबाहेर गेलेला असता. परतताना विमानतळासारखंच इमिग्रेशन होतं.

---

सांगलीकरीण

नवरा एच-1बी (नोकरीचा व्हिसा), मी एच-4 (त्याच्या जोडीदाराचा). एक्स्टेन्शन मंजूर आहे, नवा आय-797, म्हणजे मंजुरीचं पत्र, आहे, पण दोघांचेही स्टँप संपलेत. तेव्हापासून भारतात गेलोच नाही. साबा-साबुंचा दहा वर्षांचा, मल्टिपल आहे. जन्मदाखल्यावरही क्रूझला जाता येतं असं शेजारीण म्हणाली होती, म्हणून मी निर्धास्त होते.

---

कागदीघोडा

शेजारणीचं खरं आहे, पण ती सवलत अमेरिकन नागरिकांची. म्हणजे तुमच्या घरात फक्त मुलांना लागू. आणि त्यांचेही पासपोर्टच न्या. कुठे बोट चुकली तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येणार नाही.

तुमच्या दोघांसाठी 'ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन' नावाचा नियम आहे, अमेरिकन सरकारी नियमावलीतला 22 सीएफआर 41.112(डी). स्टँप संपलेला असला तरी आय-94 (इथे कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद) चालू असेल आणि फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत 30 दिवसांपर्यंत जाऊन येत असाल, तर संपलेल्या स्टँपवर परत येता येतं. मधल्या काळात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. कॅरिबियन बेटांची मुभा या नियमात आहे, पण ती विद्यार्थ्यांच्या एफ आणि एक्स्चेंजच्या जे व्हिसावाल्यांना. एच वाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिको.

आता तुमचे दोन पर्याय यावर घासून बघा. रोआतान होंडुरासमध्ये आहे. त्या एका बंदरामुळे सात रात्रींची क्रूझ तुमच्यासाठी बाद. जहाजावरून उतरलाच नाहीत तरी "आम्ही खाली पाय ठेवला नाही" या युक्तिवादावर कुटुंबासकट बसू नका. बहामा, जमैका, ग्रँड केमनवाल्या क्रूझही त्याच रांगेत. कोझुमेल आणि प्रोग्रेसो ही दोन्ही मेक्सिकोत, म्हणून पाच रात्रींचीच बघा.

नियम आहे म्हणजे बंदरावरच्या काउंटरवरच्या पोराला तो ठाऊक आहे असं मात्र नव्हे. पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या की संपलेला स्टँप, चालू आय-94 आणि आय-797 यांवर तुम्हाला चढू देतील. त्याच पत्रात मेक्सिकोत उतरण्याबद्दलही विचारा. तिथे चालू अमेरिकन व्हिसा दाखवला की वेगळा व्हिसा लागत नाही, तुमचा चालू नाही. नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलालाही एक मेल टाका. एक्स्टेन्शननंतरचा नवा आय-94 आय-797 च्या खालच्या भागात असतो, तो जवळ ठेवा आणि जाताना कोणी पासपोर्टमधला कागदी आय-94 मागितला तर देऊ नका.

साबा-साबुंना अडचण नाही. पण या फेरीमुळे त्यांना नवे सहा महिने मिळतील असं धरू नका, सहसा जुनीच तारीख कायम राहते.

---

निवांत_नीता

कागदीघोडा, +१. आमच्या ओळखीत एक कुटुंब टर्मिनलच्या दारातून परत आलंय, सामानाला टॅग लावून झाल्यावर.

पिल्लाबद्दल: डायपरमधल्या मुलांना मुख्य पूल आणि जकुझीत सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळा कारंज्यांचा कोपरा असतो, तो आहे का ते बुकिंगआधी बघ. किड्स क्लब बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांपुढच्या, डायपर सुटलेल्यांसाठी असतो. तुझी लेक मात्र तिथून बाहेर यायला तयार होणार नाही. डायपर घरूनच ने, बोटीवरच्या दुकानात मिळाले तर मिळाले.

मोठ्या बॅगा बंदरावर हमाल घेतात त्या केबिनशी संध्याकाळपर्यंत येतात. त्यामुळे इन्सुलिन, गोळ्या, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे आणि पिल्लाचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. केबिनमधला फ्रिज नुसता गारसर असतो, म्हणून इन्सुलिनसाठी 'मेडिकल फ्रिज' आधी फोन करून मागव. बोटीवर डॉक्टर असतात, पण बिल लगेच आणि घसघशीत. भारतातून येताना काढलेला व्हिजिटर्स इन्शुरन्स मेक्सिकोत आणि समुद्रात चालतो का ते पॉलिसीत वाच. बहुतेक वेगळा ट्रिप इन्शुरन्स लागेल, त्यात आधीपासूनचे आजार आणि मेडिकल इव्हॅक्युएशन (आजारी माणसाला तातडीने हलवण्याचा खर्च) दोन्ही हवंत.

आणि हात साबणानेच धुवा गं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझरची फारशी भीती नसते.

---

दर्यावर्दी

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, बरीच वर्षं क्रूझवर डायनिंगला होतो, तेव्हा जेवणाचं मी सांगतो.

चढल्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणाला मुख्य डायनिंग रूममध्येच जा, बुफेला नको. तिथल्या हेड वेटरला गाठून सांगा: शाकाहारी, मासा नाही, अंडं नाही, सूपचा स्टॉकही भाज्यांचाच. 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हटलंत तर कोणी कोळंबी आणून ठेवेल, हे गृहीत धरा. मग तो रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं विचारून घेतो आणि ऑर्डर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, जाते. डाळ, भात, एखादी पनीर नाहीतर छोल्याची भाजी सहज निघते, कारण आत बनवणारे निम्मे आपलेच असायचे, गोवा, मंगलोर, कोकणातले. आमच्या क्रू मेसमध्ये रोज भात-आमटी असायची. केक-पेस्ट्रीत अंडं असतं, तिथे साबांसाठी फळं किंवा बिनअंड्याचं काय आहे ते विचारा. संकष्टीला साबुदाणा मिळणार नाही. फळं, दही, उकडलेले बटाटे मिळतील. चंद्र मात्र वरच्या डेकवरून आडकाठीशिवाय दिसतो.

घरी केलेलं अन्न चढू देत नाहीत, धपाटे स्कॅनरवर अडकतील. कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं, म्हणून भडंग बांधा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, जप्त होऊन शेवटच्या दिवशी परत मिळतात. परतताना बुफेतलं सफरचंद पर्समध्ये राहू देऊ नका, उतरताना कस्टम्सवाले दंड लावतात.

बंदरात उतरून खाणार असाल तर मेक्सिकोतल्या वाटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. 'सिन मान्तेका' म्हणायला शिकवा साबांना.

बोट लागण्याचं: डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला की आखातात पहिली रात्र जरा हलवते. गोळी हलायला लागायच्या आधी घ्यायची असते. भारतातली अवोमिन किंवा इथली मेक्लिझिन, दोन्हींनी झोप येते. वयस्कर माणसांना कुठली चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आलेपाक चघळायला द्या आणि क्षितिजाकडे बघत डेकवर बसवा, केबिनमध्ये पडून राहिलं की जास्त लागते.

---

सांगलीकरीण

बाप रे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. कागदीघोडा, तुमचं वाचून रात्रीच नवऱ्याला उठवलं. सात रात्रींची रद्द. कंपनीला आणि वकिलाला मेल टाकलेत, लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरणार नाही.

आता प्रोग्रेसोत काय करावं? साबुंना फार चालवत नाही. लेकीला चिचेन इत्झाचे माया लोकांचे जुने अवशेष बघायचेत.

---

खारेदाणे

चिचेन इत्झा तिथून साधारण दोन तास, येऊन-जाऊन चार. अडीच वर्षांच्या पोरासोबत मी तरी करणार नाही. प्रोग्रेसोचा धक्का साडेसहा किलोमीटर लांब आहे, कारण तिथला समुद्र उथळ. घाबरू नका, गावापर्यंत बस नेते, साबुंना चालावं लागत नाही. एवढा लांब धक्का बांधलाच कसा, हा विषय त्यांना संध्याकाळपर्यंत पुरेल.

लेकीला हे सांगा: 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या अशनीमुळे डायनोसॉर संपले, त्याचं विवर याच किनाऱ्याखाली आहे. चिक्शुलुब हे गाव प्रोग्रेसोच्या शेजारीच, काही किलोमीटरवर. सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं ते विवर गाळाखाली गाडलं गेलंय, वरून काही दिसत नाही. पण त्याच्या काठाकाठाने सेनोटे, म्हणजे चुनखडी खचून झालेल्या गोड्या पाण्याच्या विहिरी, अर्धवर्तुळात पसरल्यात. त्यातल्या जवळच्या एकीत पोहून या. मेरिडा शहरही तासाभराच्या आत आहे.

सहल कंपनीचीच घ्या, निदान या बंदरात. त्यांच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. कोझुमेलला किनारा जवळ आहे, तिथे स्वतः गेलात तरी चालेल. फक्त हिवाळ्यात कोझुमेलचं घड्याळ टेक्सासपेक्षा एक तास पुढे असतं आणि प्रोग्रेसोचं टेक्सासइतकंच. फोन आपोआप बदलतो, बोट बदलेलच असं नाही. साबुंचं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा, सगळ्यांनी तेच बघायचं.

रच्याकने (बाय द वे), परतीच्या दिवशी संध्याकाळी कुठलंही काम ठेवू नका. हिवाळ्यात गॅल्व्हस्टनच्या खाडीत धुकं उतरतं, मग बंदर बंद आणि बोट बाहेर ताटकळत उभी.

---

सांगलीकरीण

नवऱ्याची त्या दिवशीची मीटिंग हलवायला सांगते. शेवटचा प्रश्न: गाडी कुठे लावायची? आणि ड्राइव्ह त्याच दिवशी सकाळी करावा का?

---

निवांत_नीता

त्याच दिवशी नको गं. ह्यूस्टनचं ट्रॅफिक, पिल्लाचे थांबे, साबुंच्या जेवणाच्या वेळा. आदल्या रात्री ह्यूस्टनला नाहीतर गॅल्व्हस्टनलाच मुक्काम करा. पार्किंग आधी ऑनलाइन बुक कर. बंदराचं स्वतःचं आहे, थोडं लांबची खासगी स्वस्त पडतात आणि शटल देतात. कुठेही लावा, पण आधी टर्मिनलच्या दाराशी साबा-साबु, मुलं आणि बॅगा उतरवा, नवऱ्याला एकट्याला गाडी लावायला पाठव. साबुंना दारापासून व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगमध्येच लिही. ती चढता-उतरतानाच मिळते, बोटीवर दिवसभर वापरायला देत नाहीत.