शाळेतला कचरा, बाई आणि आपण : अनुभव लिहा

मांजराकाठ :
लेकीच्या डायरीत काल 'टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणा' अशी सूचना आली आणि लातूरकडचे आमचे गुरुजी आठवले. परीक्षा झाली की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायला लावायचे. पोरं पानं जुळवून धरायची, गुरुजी दाभण टोचायचे, सुतळी ओवायची, वरून वर्तमानपत्राचं कव्हर. जूनला कच्ची वही तयार! पर्यावरण हा शब्द कुणी काढत नव्हतं, वह्याच परवडत नव्हत्या.
आता लेकीच्या बाई विचारायल्यात, शाळेतला कचरा कमी करायला पालकांपैकी कोण येतंय? तुम्ही कुणी केलंय का असं काही? काय जमलं, काय फसलं, लिहा.

गोदाकाठी :
टाकाऊतून टिकाऊ 😂 आमच्याकडं त्यासाठी दुकानातून नव्या आइस्क्रीमच्या काड्या, नवे स्ट्रॉ, थर्माकोल आणला. प्रदर्शन झालं की सगळं उकिरड्यावर.

परभणीचा_पिंट्या :
+१. आन् रात्रभर बाप जागतो, बक्षीस पोराला.

नाथसागर :
2018 ला नारेगावकरांनी (शहराचा कचरा त्यांच्याकडंच टाकायचे) कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा मी संभाजीनगरातच (तेव्हाचं औरंगाबाद) शिकवत होतो. रस्त्यारस्त्याला ढीग. ओला-सुका वेगळा का करायचा हे फळ्यावर लिहावंच लागलं नाही, पोरं नाकानं शिकली. नंतर शाळेत हिरवा-निळा डबा आला. पण वेगळा केलेला कचरा पुढं एकाच गाडीत पडताना पोरांनी पाहिला, की तुमचं सगळं शिकवणं पाण्यात.

रेवडी :
कुठल्या शाळेत होतात सर? माझा भाऊ पण तिथंच होता शहागंजकडं.

नाथसागर :
नाही ताई, सिडकोत.

फळा_खडू :
जि.प. शाळेत शिक्षिका आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मदत करायची तर भाषण द्यायला येऊ नका. 'प्लॅस्टिकचा भस्मासुर' पोरांना तोंडपाठ आहे. आम्हाला ऑनलाइन माहित्या भरून आणि फोटो टाकून जीव नको झालाय, त्यात कचऱ्याचं अजून एक रजिस्टर नको.
खरी मदत एका पालकानं केली. भंगारवाल्याशी बोलून महिन्यातला एक दिवस ठरवून दिला. रद्दी, पुठ्ठे, बाटल्या त्या दिवशी जातात, पैसे मुलांच्या डब्यात. चौथीची पोरं वजनकाट्याला खेटून उभी राहतात, मापात एक आकडा हुकू देत नाहीत. त्यांचं गणितही होतं.
चिप्सची चमकणारी पाकिटं मात्र तो घेत नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. म्हणून ती मुळात आणूच नका म्हटलं. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शेंगदाण्याची चिक्की नाहीतर बोरं, पेरू.

गोदाकाठी :
बाई, पटलं एकदम. दुधाच्या पिशवीचंही सांगा ना पोरांना, कोपरा पूर्ण कापून टाकू नका म्हणून. तो इवलासा तुकडा कुणीच उचलत नाही.

बालाघाटी :
पुस्तकांचं कुणी बोललंच नाही. आमच्या गावात वरच्या वर्गातलं पोरगं खालच्याला पुस्तकं द्यायचं. 2023-24 पासून बालभारतीनं पुस्तकातच कोरी पानं घातली, पोरांनी त्यावर लिहिलं, मग कोण घेतंय ते पुस्तक! आता ती पानं बंद झाली, बरं झालं. रद्दीत टाकण्याआधी गुरुजींना विचारा, शाळेत एक संच ठेवला तर रोजचं दप्तरपण हलकं होतं.

परभणीचा_पिंट्या :
संभाजीनगरजवळच्या पेरे पाटलांच्या पाटोद्याला सहल न्या पोरांची, कचरा नीट सांभाळणारं आदर्श गाव हाय. आम्ही गेल्तो. परत येताना बसमधे वेफर्सची पाकिटं फुटली ती गोष्ट वेगळी.

खिचडीताई :
मी शाळेत पोषण आहार शिजवते. खरकटं खड्ड्यात टाका म्हणले सगळे. पावसाळ्यात लई वास मारायला लागला. मग सरांनी खरकट्यावर दर वेळी वाळला पालापाचोळा टाकायला सांगितलं, वास गेला. उन्हाळ्यात उलटं, खड्डा कोरडा ठक्क, काहीच कुजंना. आता हात धुवायचं पाणी तिकडं वळवलंय. आन् खरं सांगू का, आधी वाढतानाच इचारायचं, किती पायजे. परत घ्या म्हणावं. मग उरतंयच कमी. उरलेलं माझ्या शेळ्या खातात, खड्ड्यापर्यंत जातंय कुठं 😀

मांजराकाठ :
ताई, वाढतानाच विचारायचं हे उद्याच बाईंना सांगते. फळा_खडू बाई, भंगारवाल्याचं काम मी घेते अंगावर.

बालाघाटी :
ताई, शेळ्या उस्मानाबादी का? मामाला पाहिजे होती.

खिचडीताई :
हाव भाऊ, उस्मानाबादीच. बोकड गेला, एक पाठ (मादी करडू) हाय. व्यनि (खासगी निरोप) करा, भाव इथं नगं.