पंचाहत्तरीसाठी १४ जणांना अख्खी बोट हवी आहे, खाडीत की समुद्रात? सल्ला द्या

प्राजक्ता_मुलुंड

नमस्कार मंडळी, सासूबाईंची पंचाहत्तरी फेब्रुवारीत आहे आणि हॉल, केटरिंग, स्टेजवर खुर्ची हे सगळं त्यांना अजिबात नकोय. नणंद ॲमस्टरडॅमला असते, तिने तिकडचे फोटो दाखवले, कालव्यात ८-१० जणांची छोटी उघडी बोट अख्खी आपल्यालाच घेता येते, हळूहळू पुलांखालून फिरायचं, सोबत खायला न्यायचं, बाकी कोणी अनोळखी नाही. ते बघून सासूबाई म्हणाल्या मला असं पाण्यावर सगळ्यांबरोबर बसायचंय. आता मुंबईत कालवा कुठून आणू, पण काहीतरी असेलच ना!

आम्ही १४ जण. त्यात दोघींचे गुडघे दुखरे, एक जण ८० च्या पुढचे, तीन मुलं ५ ते ११ वयाची. नवऱ्याला बोट लागते (खरंच लागते, मांडव्याला जाताना हाल झाले होते). दीड-दोन तास पुरेत. गेटवेची यॉट, एलिफंटा, गोराई, ऐरोलीची फ्लेमिंगोवाली बोट असं बरंच कायकाय ऐकलंय पण प्रत्यक्ष कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलंय का? रविवारच हवा, मुलांच्या शाळा आहेत.

अमेय_दादरकर

गेटवेहून सेलबोट किंवा मोटर यॉट तासावर मिळते, आम्ही बायकोच्या चाळिशीला घेतली होती, ६-८ जणांसाठी मस्त. ताज, गेटवे आणि मागे बुडणारा सूर्य, फोटो तर विचारू नका. १४ जणांना मात्र मोठी मोटर यॉट लागेल, तिचे पैसे एकदम वर जातात. विकडेला स्वस्त पडते. नौदलाच्या बोटींचे फोटो काढायचे नाहीत एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

सोनचाफा

अमेय, फोटो छान येतात हे खरं पण गुडघेवाल्यांचं काय? यॉट तिथे धक्क्याला लागून उभी नसते, लांब नांगरलेली असते. आधी पायऱ्या उतरून छोट्या होडीत बसायचं, मग त्या हलत्या होडीतून यॉटवर चढायचं. ओहोटी असली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. माझ्या आईला दोन खलाशांनी अक्षरशः उचलून घेतलं, ती माणसं फार चांगली होती, पण आई पूर्ण वेळ परत उतरायचं कसं याच काळजीत होती, तिने समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना असं नको व्हायला.

आणि संध्याकाळी वारा असतो. या दिवसात मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, शिडाच्या बोटीला तो हवाच असतो पण ज्याला बोट लागते त्याला नाही. तुमच्या मिस्टरांसाठी सकाळच बरी.

प्राजक्ता_मुलुंड

सोनचाफा, हे कोणी सांगितलंच नव्हतं, थँक्यू! म्हणजे गेटवे बाद. मग गोराई? बोरीवलीहून जवळची फेरी आहे ना?

विनय_बोरीवली

गोराईची, मार्व्याहून मनोरीची, वर्सोव्याहून मढची या सगळ्या पलीकडे जायच्या फेऱ्या आहेत, पाच-दहा मिनिटांत पार. लोक रोज कामाला जातात त्यातून, मोटरसायकली पण चढवतात. मजा येते, मुलांना तर नक्कीच, पण तुम्हाला हवं तसं निवांत बसून फिरणं ते नाही. मनोरीला जेवायला जायचं असेल तर वेगळी गोष्ट.

एलिफंटाला पण मी नाही म्हणेन. तासभर जायला तासभर यायला, वर लेण्यांपर्यंत पायऱ्या. ८० वर्षांच्या माणसाला नको.

खाडीकाठचा_तांडेल

ताई, मी कोळी आहे, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ठाण्याच्या खाडीत होड्या आहेत म्हणून सांगतो. तुम्हाला जे हवंय ते ठाण्याच्या खाडीतच मिळेल. कालव्यासारखं शांत पाणी, दोन्ही बाजूला तिवरं, लाट नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे बोट लागायचा त्रास फार कमी. आणि फेब्रुवारी म्हणजे रोहित पक्ष्यांचा भर सीझन. फ्लेमिंगो म्हणतात ते हेच. नोव्हेंबरच्या आसपास यायला लागतात, मे अखेरपर्यंत असतात, फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात जास्त.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळे आधी विचारतात बोट कुठली, रेट काय. आधी विचारायचं पाणी कधी आहे. खाडी गाळाने भरत आलीय, ओहोटीला मैलभर नुसता चिखल असतो, त्यात बोट बसली तर पुढची भरती येईपर्यंत बसूनच राहायचं. म्हणून ऐरोलीच्या बोटीच्या वेळा रोज वेगळ्या असतात, लोकांना वाटतं यांचं काही ठरलेलं नसतं, पण ते पाण्याप्रमाणे चालतं.

आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती, सकाळी सहा आणि संध्याकाळी पण साधारण सहा-साडेसहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारापर्यंत जातं. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा, आणि खाडीत आत पाणी गेटवेजवळच्या अपोलो बंदरापेक्षा जरा उशिरा पोचतं. नक्की वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघाच पण रविवार निवडायला कालनिर्णय पुरतं.

तुमच्या महिन्यातले रविवार कुठल्या तिथीचे आहेत ते सांगा.

प्राजक्ता_मुलुंड

अरे वा दादा, हे भारी आहे! दोनच रविवार जमतात आम्हाला, एक एकादशी आहे आणि त्याच्या पुढचा तृतीया.

खाडीकाठचा_तांडेल

एकादशी घ्या, डोळे मिटून. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे सकाळी आठ-नऊच्या मध्ये पाणी भरलेलं. तृतीयेला सव्वादोनला भरती येते, म्हणजे सकाळी आठला नेमकी ओहोटी, बोट निघणारच नाही आणि निघेल तेव्हा डोक्यावर ऊन.

दुसरं म्हणजे एकादशी भांगाच्या जवळची. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जास्त असते. भांगाला चढउतार कमी, पाणी सुस्त. वयस्कर माणसांना चढायला-उतरायला पण सोपं कारण धक्का आणि बोट यांच्यातला फरक फार बदलत नाही.

पूर्ण भरतीला सगळा चिखल पाण्याखाली असतो तेव्हा पक्षी काठाला, बांधावर गर्दी करून उभे असतात. पाणी उतरायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि ते खायला पसरतात, तेव्हा बघायला सगळ्यात सुंदर. म्हणून भरती झाल्यावर अर्ध्या तासाने निघायचं आणि पाणी अर्धं उतरायच्या आत परत यायचं. नऊला निघालात तर साडेदहाला परत. नवख्या होडीवाल्याला हे जमत नाही, विचारून बघा त्याला की उद्या पाणी कधी आहे, पटकन सांगता आलं नाही तर त्याच्या होडीत बसू नका.

ऋतुजा_पक्षीनिरीक्षण

तांडेल दादांनी जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, मी फक्त पक्ष्यांचं आणि बुकिंगचं सांगते.

खाडीत दोन बाजूंनी जाता येतं. एक ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र, कांदळवन विभागाचं. आत प्रदर्शन आहे, मुलांसाठी छान, बोर्डवॉक आहे, बोट तिथूनच सुटते आणि सोबत माहिती सांगणारा माणूस असतो. दुसरं भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू, तिथून स्थानिक मच्छीमारांच्या छोट्या होड्यांतून फोटोग्राफर मंडळी पहाटे जातात. फोटोसाठी ती भारी, पण होडीत चढायला चिखल, बसायला फळी, सावली नाही. तुमच्या ग्रुपसाठी ऐरोलीच, यात मला शंकाच नाही. फोन करून सरळ सांगा की १४ जण आहोत, ज्येष्ठ आहेत, पूर्ण बोट ग्रुपसाठी मिळेल का, आणि चढायला किती पायऱ्या. सीझनचे रविवार फार लवकर भरतात त्यामुळे आजच फोन करा.

ही सगळी जागा अभयारण्य आहे, २०१५ ला जाहीर झालं, साधारण १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण आहे. मुंबई आणि नवी मुंबईच्या मधोमध, एका बाजूला टॉवर आणि हायटेन्शनच्या तारा, आणि खाली हजारो रोहित चोच उलटी करून चिखल गाळतायत, मी कितीदा पाहिलं तरी मला भरून येतं. चांगल्या वर्षी मुंबई परिसरात लाखाच्या वर पक्षी मोजले गेलेत. बहुतेक छोटे रोहित, गडद लालसर चोच आणि जास्त गुलाबी. त्यांच्यात मधेच उंच, पांढरट, फिकट गुलाबी चोचीचा आणि टोकाला काळा असा दिसला तर तो मोठा रोहित. करडे दिसतात ती पिल्लं, आजारी नसतात, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू येतो. मुलांना हे आधी सांगून ठेवलं की ती स्वतः शोधायला लागतात. शिवाय शेकाट्या, चित्रबलाक, खंड्या, पाणकावळे, कुरव, ब्राह्मणी घार, दुर्बीण असेल तर नक्की न्या, नसेल तर कोणाची तरी मागून आणा.

एक कळकळीची विनंती. बोटवाल्याला अजून जवळ घ्या, उडवा म्हणून सांगू नका. थवा उडाला की सगळे टाळ्या वाजवतात पण त्यांच्या खाण्याचे तास भरती-ओहोटीवर ठरलेले असतात, प्रत्येक वेळी उडवलं की तेवढं खाणं बुडतं आणि ताकद जाते, याच पक्ष्यांना पावसाळ्याआधी कच्छपर्यंत उडायचं असतं. इंजिन बंद करून लांब थांबायला सांगा, थोड्या वेळाने पक्षी आपोआप नॉर्मल होतात. आणि कुरवांना फरसाण, वेफर्स काही टाकू नका.

माधव_काका_ठाणे

प्राजक्ता, माझं वय ७८, मी बायकोबरोबर गेलो आहे म्हणून अनुभवाचं सांगतो. खाडीतल्या बोटीत टॉयलेट नाही. आमच्या वयात हा पहिला प्रश्न असतो आणि कोणी मोकळेपणाने विचारत नाही. निघायच्या आधी केंद्रावर जाऊन या, सकाळचा दुसरा चहा परत आल्यावर. पण पाणी पीत राहा, उन्हाने चक्कर येते. टोपी प्रत्येकाला, पाण्यावरून उलटं येणारं ऊन जास्त लागतं. सूनबाई म्हणून तुम्ही एवढा विचार करताय हे वाचून फार बरं वाटलं.

अमेय_दादरकर

लाइफ जॅकेटबद्दल एक सांगायचं राहिलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेसमोर नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकली, त्या दिवसानंतर मी तरी घरच्यांना जॅकेटशिवाय बसू देत नाही, पाणी कितीही शांत असो. एका खाजगी होडीवाल्याने आम्हाला सांगितलं होतं जॅकेट खाली ठेवलेत, लागलं तर देतो. आम्ही तिथूनच परत फिरलो. अंगात घालून, पट्टे आवळून मगच बोट सुटली पाहिजे. लहान मुलांच्या मापाचे आहेत का ते आदल्या दिवशी विचारा, मोठ्यांचं जॅकेट पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. बोटीवर नोंदणी नंबर आणि किती माणसं बसू शकतात ते लिहिलेलं असतं, ते पण बघा.

प्राजक्ता_मुलुंड

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! आत्ताच घरात वाचून दाखवलं, सासूबाईंनी स्वतः कालनिर्णय काढून तीनने गुणून बघितलं आणि एकादशीच पक्की केली. फक्त त्यांचा त्या दिवशी उपास, मग आता पोह्यांऐवजी साबुदाण्याची खिचडी. ऐरोलीला उद्या सकाळी फोन करते. दोन शंका. केक कापायचा का बोटीवर? आणि एक नणंद डोंबिवलीहून येणार आहे, तिला ट्रेनने सोपं पडेल का?

ऋतुजा_पक्षीनिरीक्षण

केक, फुगे, पार्टी पॉपर हे बोटीवर नकोच, अभयारण्य आहे, कागदाचा एक तुकडा उडाला तरी तिवरांत अडकून राहतो. औक्षण घरून निघताना करा, खिचडी परत आल्यावर गाडीशी किंवा घरी. बोटीवर फक्त पाण्याच्या बाटल्या, त्याही स्टीलच्या. हवं तर तिथे सगळे मिळून त्यांच्यासाठी एखादं गाणं म्हणा, हळू आवाजात, मी एका आजींसाठी असं झालेलं ऐकलंय, पक्षी जागचे हलले नव्हते.

विनय_बोरीवली

डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकल, तिथून ट्रान्सहार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी, ऐरोली स्टेशन, बाहेर रिक्षा. रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारी बघायला सांगा त्यांना. तुम्ही मुलुंडवाले तर ऐरोली पुलावरून थेट पोचाल.

खाडीकाठचा_तांडेल

साडेआठला केंद्रावर हजर राहा ताई, पाणी कोणासाठी थांबत नाही. चढताना आजींना मधल्या फळीवर बसवा, टोकाला नको, मध्ये हलत नाही. तुमच्या मिस्टरांनाही तिथेच. मुलं पुढे बसू देत पण प्रत्येकाबरोबर एक मोठा माणूस. आणि वेळा कळल्या की इथे टाका, मी कोष्टकाशी ताडून बघतो.