घरात कोविडचा रुग्ण आणि परदेशाचे तिकीट हातात : आपले अनुभव

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी १४ जून २०२२ च्या रात्री मुंबईहून नेवार्कला निघणार होते आणि ७ जूनला यजमानांचा कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह आला. डिंकाचे लाडू वळून झाले होते, अळीव, बाळंतशोपा आणि सुंठ यांच्या पुड्या बांधून झाल्या होत्या, आणि हे सगळे ज्या टेबलावर मांडले होते त्याच टेबलावर आम्ही दोघे आदल्या रात्रीपर्यंत समोरासमोर बसून जेवत होतो.

त्या वेळी अमेरिकेच्या विमानात बसायला निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत असे. त्यामुळे पहिले तीन दिवस मी एका अर्थाने निश्चिंत होते, कारण निर्णय माझ्याकडे नव्हताच. अहवाल सांगेल तसे करायचे. १० जूनला बातमी आली की १२ जूनपासून ही अटच रद्द होत आहे. जावयांनी आनंदाने फोन केला, पण मला मात्र पायाखालची पायरी कोणीतरी काढून घेतल्यासारखे झाले. आता मला अडवणारे कोणी नव्हते, आणि मी जिथे जाणार होते तिथे दिवस भरलेली बाई आणि काही दिवसांत येणारे तान्हे बाळ होते.

यजमानांना मधुमेह आहे. ताप १०१ च्या वर गेला नाही आणि ऑक्सिजन ९६ च्या खाली आला नाही, तरी सदुसष्ट वर्षांच्या माणसाला वरणभाताचे ताट दाराबाहेर ठेवून निघून जाणे मला जमेना. नणंदबाई येऊन राहायला तयार होत्या, पण त्या स्वतः सत्तरीच्या. शेवटी तिकिटातला फरक भरून प्रवास २० जूनवर नेला, घरी करायच्या चाचणीचा पुण्यातच तयार होणारा संच आणून एक दिवसाआड तीन वेळा चाचणी केली आणि तिन्ही वेळा निगेटिव्ह आल्यावरच बॅगेला कुलूप लावले. नात १८ तारखेला झाली. मी पोहोचले तेव्हा ती तीन दिवसांची होती आणि लेकीला पहिली आंघोळ शेजारच्या कोल्हापूरच्या बाईंनी घातली होती. लाडू मी नेले नाहीत. त्याला शास्त्रीय आधार नव्हता हे मला ठाऊक होते, तरीही नेले नाहीत.

आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल. त्या वेळी नियम काय होता, आपण काय केले आणि घरच्या रुग्णाजवळ कोण राहिले, हे सविस्तर लिहावे. विमान कंपन्या, रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांची नावे कृपया लिहू नयेत.

ठाणे ते टोरांटो, ऑगस्ट २०२१

आईचा अहवाल ९ ऑगस्टला आला आणि माझे विमान १९ तारखेचे होते. भारतातून कॅनडाला थेट विमाने एप्रिलअखेरीपासून बंद होती आणि ती सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाली. दरम्यान जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटेत तिसऱ्या देशात उतरून तिथे आरटी-पीसीआर करावी लागे. पूर्वी कोविड होऊन गेल्याचा पुरावाही भारतातला चालत नसे, तोही तिसऱ्याच देशातला हवा असे. म्हणजे वाटेत मालदीवमध्ये माझी चाचणी पॉझिटिव्ह आली असती, तर किमान चौदा दिवस तिथेच अडकून त्याच अहवालावर पुढे जावे लागले असते.

आईचा अहवाल आल्यावर तासाभरात बाबांनी मला दोन बॅगांसह मावशीच्या कळव्याच्या रिकाम्या घरात पाठवले. मी आईला दारातूनही भेटलो नाही, आणि त्यानंतर पुढची दोन वर्षे भेटलो नाही. जाण्यापूर्वी दोन चाचण्या केल्या. एक माझ्या समाधानासाठी आणि दुसरी मालदीवसाठी, जिथे ९६ तासांच्या आतला अहवाल लागत असे. तिथल्या हुलहुमाले बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये समोर निळेशार पाणी होते आणि मी बाबा फोनवर सांगतील ते ऑक्सिमीटरचे आकडे वहीत लिहीत बसलो होतो. लोक तिथे मधुचंद्राला जातात. तिथला अहवाल निगेटिव्ह आला आणि मी दोहामार्गे पोहोचलो.

एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर तेव्हा बारा आठवड्यांवर गेले होते, पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांना जूनमध्ये २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली आणि प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक येऊ लागला. ती मुभा नसती तर आईच्या आजाराचा प्रश्न आमच्यापुढे आलाच नसता, कारण मी निघूच शकलो नसतो.

नागपूर ते मेलबर्न, मे २०२१

वर कॅनडा आणि अमेरिकेचे जे नियम आले आहेत ते प्रवाशाच्या स्वतःच्या अहवालाविषयी विचारतात. ऑस्ट्रेलियाचा अनुभव वेगळा होता. २७ एप्रिल २०२१ पासून त्यांनी भारतातून येणारी विमाने थांबवली, आणि मेच्या सुरुवातीला तर स्वतःच्याच परतणाऱ्या नागरिकांसाठी दंड व तुरुंगवास यांची तरतूद केली. बंदी उठल्यावर १५ मे रोजी दिल्लीहून पहिले विमान डार्विनला पोहोचले. दीडशे जणांसाठी असलेल्या त्या विमानातून सुमारे ऐंशीच जण गेले. उरलेल्यांपैकी चाळीसहून अधिक जणांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या होत्या आणि बाकीचे त्यांचे निकटचे संपर्क म्हणून मागे राहिले होते. स्वतःचा अहवाल निगेटिव्ह असूनही त्यांना जाता आले नाही.

मी त्या विमानाच्या यादीत नव्हते, पण वडिलांच्या आजारपणासाठी येऊन नागपुरात अडकले होते आणि त्याच आठवड्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा पॉझिटिव्ह आला होता. ती बातमी वाचून मी नाव नोंदवण्याची घाई सोडली. तिकडच्या लोकांनी या नियमाला निर्दय म्हटले. मला विमानबंदी निर्दय वाटली, हा नियम मात्र वाटला नाही, कारण मुलाच्या उशाशी बसलेली आई संसर्गाच्या दृष्टीने कुठल्या अर्थाने वेगळी प्रवासी असते? जुलैत दोघे एकत्र गेलो आणि डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्जच्या विलगीकरण छावणीत चौदा दिवस काढले.

रत्नागिरी ते दुबई, जानेवारी २०२२

मी दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो. सुट्टी संपवून निघायच्या सहा दिवस आधी थोरल्या भावाला ताप आला. त्या दिवसांत घरोघरी ताप होता, म्हणून आम्ही त्याची चाचणीच केली नाही. खरे सांगायचे तर करायची नव्हती. माझी ४८ तासांच्या आतली आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली. अमिरातीला जाणाऱ्यांची तेव्हा विमानतळावर, सुटण्यापूर्वीच्या सहा तासांत, आणखी एक जलद पीसीआर होत असे. तीत मी पॉझिटिव्ह निघालो. घशात खवखवसुद्धा नव्हती.

पहाटे तीन वाजता बॅगा घेऊन मुंबई विमानतळाच्या बाहेर उभा होतो. गावी परत जाणारी एसटी धरली तर तीनशेहून अधिक किलोमीटर शेजारच्या माणसाला आजार वाटत जाणार, आणि चाळीतल्या मामाकडे गेलो तर दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. शेवटी मामांनी ओळखीच्या एका गृहस्थाची बंद गाळ्याची किल्ली मिळवून दिली आणि तिथे मी सात दिवस राहिलो. मामी डबा शटरखालून सरकवत असे. तिकिटाचे पैसे बुडाले, दोन आठवड्यांचा पगार बुडाला. विमानतळावरची ती चाचणी पुढच्याच महिन्यात रद्द झाली. भावाची चाचणी ३५० रुपयांत झाली असती.

कोल्हापूर, प्रयोगशाळेतील काम

मी या बाजूने अनुभव लिहितो, कारण असे प्रवासी रोज आमच्या खिडकीशी उभे असत. सर्वाधिक गैरसमज दिवसांविषयी असे. घरातल्या व्यक्तीचा अहवाल आज आला म्हणून बाकीचे उद्याच नमुना देत आणि निगेटिव्ह कागद घेऊन सुटकेचा निःश्वास टाकत. ओमायक्रॉनमध्ये लक्षणे दिसायला साधारण तीन दिवस लागत, पूर्वीच्या विषाणूत पाचच्या आसपास, आणि क्वचित चौदापर्यंत. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हला फारसा अर्थ नसतो. याउलट, जो बरा झाला आहे त्याची आरटी-पीसीआर पुढे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती विषाणूचे निर्जीव अवशेषही पकडते. अमेरिकेने म्हणूनच नव्वद दिवसांच्या आतला जुना पॉझिटिव्ह अहवाल आणि डॉक्टरांचे बरे झाल्याचे पत्र हा पर्याय ठेवला होता. पण ज्यांना तो सर्वांत उपयोगी पडला असता अशा लोकांनी जुना अहवाल लाजेने फाडून टाकलेला असे. ‘साहेब, निगेटिव्ह करून द्या’ असे म्हणणारेही भेटले. त्यांत शिकलेले जास्त होते.

डोंबिवली ते व्हिएन्ना, मे २०२३

आमच्या वेळी कुठलाच नियम उरला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले होते आणि आमची सहल १९ तारखेची होती. १५ ला सासूबाईंचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्या धाकट्या दिरांकडे गेल्या आणि त्यांनीच आम्हाला आग्रहाने निघायला लावले, कारण पैसे दोन वर्षांपासून साठवले होते आणि रद्द केल्यास जवळजवळ काहीच परत मिळणार नव्हते. आम्ही प्रवास विमा काढला होता, पण सोबत न येणाऱ्या व्यक्तीच्या सौम्य आजाराने तो लागू होत नाही हे कागद वाचल्यावर कळले.

आम्ही दोघांनी चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली. मुखपट्टी लावून विमानात बसलो आणि सहलीतल्या कोणालाही काही सांगितले नाही. बसमध्ये पहिल्या रांगेत नाशिकचे एक आजोबा-आजी होते, आजोबांना दम्याचा पंप लागे, आणि आजी रोज दुपारी सगळ्यांना गूळपोळीचा तुकडा वाटत. चौथ्या दिवशी, व्हिएन्नात, माझ्या यजमानांना खोकला सुरू झाला. औषधाच्या दुकानातून संच आणून आम्ही हॉटेलच्या न्हाणीघरात चाचणी केली. एकच रेघ आली, दुसऱ्या दिवशीही एकच. तो साधा खोकला होता. तरी उरलेले पाच दिवस आम्ही शेवटच्या रांगेत बसलो आणि गूळपोळी घ्यायला मी पुढे गेले नाही. आजींनी विचारले तेव्हा मला बस लागते म्हणून मागे बसले आहे असे सांगितले. बस लागणारी माणसे पुढे बसतात हे त्यांना नक्कीच माहीत असणार.