८५० वॅटचा एसएमपीएस घरात कशाला हवा?

हिशेबनीस :
कालच्या धाग्यावर एका ताईंनी कॉम्प्युटरला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कुठला घ्यावा विचारलं, तर एकाने ठणकावलंय, "८५० वॅट गोल्डच्या खाली घ्याल तर मदरबोर्ड जळाल्यावर रडत येऊ नका. आवाजाची तक्रार असेल तर कानात बोळे घाला." विचारणाऱ्या ताईंचं मशीन काय, तर रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. दिवसा मुलगा गेम खेळतो, रात्री त्या भाषांतर करतात. त्यांना शांत एसएमपीएस हवाय, पिठाची गिरणी नव्हे.

कार्ड १७० वॅट, प्रोसेसर कितीही ताणला तरी नव्वदच्या आत, उरलेलं सगळं मिळून पन्नासेक. म्हणजे गेम चालू असताना तीनशेच्या आसपास. एनव्हिडिया स्वतः या कार्डाला ५५० सांगते, आणि कंपन्या हे आकडे हात सैल सोडूनच सांगतात. टायपिंग करताना तेच मशीन साठ-सत्तर वॅटवर बसतं, ८५०च्या सात-आठ टक्के. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र, त्याची परीक्षा २० टक्के भारापासून सुरू होते. ज्या गोल्डचे पैसे मोजले ते रात्रभर वापरायचंच नाही! आवाज ठरतो पंख्यावर. १२० मिमीचा, भार कमी असताना थांबणारा पंखा बघून घ्या.

बोर्डजळलेला :
तो 'एक' मीच. भावाच्या मशीनमध्ये ५०० वॅटचा होता, दिवाळीत धूर निघाला. बोर्डासकट गेला. तुमचे गुणाकार तेव्हा कुठे होते?

हिशेबनीस :
कॅबिनेटबरोबर आलेला होता ना?

बोर्डजळलेला :
हो. मग?

हिशेबनीस :
मग लेबल वाचा. वर ठळक ५००, आणि खाली बारीक रकान्यात १२ व्होल्टसमोर बऱ्याचदा १४ अँपिअर असतात. झाले १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड त्याच १२ व्होल्टवर जगतात. तसा असेल, तर तो ५०० कधी नव्हताच. राग लोकल मालावर काढा, चांगल्या ५५०वर कशाला?

बोर्डजळलेला :
बरं, लेबल बघतो. पण नागपुरात मे महिन्यात खोलीत चाळीस डिग्री असतात. तिथे तुमचा ५५० बोंबलतो. मोठा असेल तर गेममध्येही पंखा लागत नाही. पुण्यात बसून शहाणपण शिकवू नका.

तिसरा मजला :
चाळीस डिग्रीत डोक्यावर छताचा पंखा पाचवर फिरतोय, आणि तुम्हाला एसएमपीएसचा आवाज येतो? धन्य आहे.

हिशेबनीस :
उन्हाळ्याचा मुद्दा मान्य. ६५० घ्या. शंभर वॅटची लाच देऊन भांडण मिटत असेल तर घ्या बापडे.

लाईट गेली :
तुमच्या आवाजाचं कौतुक पुरे. लाईट गेल्यावर काय? आमचा इन्व्हर्टर पंखे चालवतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

फेजन्यूट्रल :
इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबलंय का? त्याशिवाय तो लाईनवरून बॅटरीवर यायला फार वेळ घेतो. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड वीज देणारा, असेल तर चांगल्यात चांगला एसएमपीएसही गुणगुणतो, कधी बंदही पडतो.

लाईट गेली :
ते दाबलं. आता कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याचं काय? हे आधीपासूनच आहे म्हणा.

बोर्डजळलेला :
एसएमपीएस फुकट गेला. बदला.

फेजन्यूट्रल :
काहीही बदलू नका! एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नसेल तर पत्रा मधोमध लटकतो, सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्ट. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. ८५० आणा नाहीतर १२०० आणा, तेच होणार. भिंतीवरच्या सॉकेटचं तिसरं भोक, अर्थिंगचं, उघडून बघा, वायर आहे का?

लाईट गेली :
वायरमन आला होता. भोकात वायर आहे, पण मीटरपाशी ती कशालाच जोडलेली नाही. नळाच्या पाइपला जोडू का म्हणाला.

फेजन्यूट्रल :
त्याला हाकला. आजकाल अर्धे पाइप प्लास्टिकचे, आणि लोखंडी निघाला तर एखाद्या उपकरणात बिघाड होताच वरच्या बिऱ्हाडातल्या माणसाला आंघोळीत झटका. खड्डा घ्यायचा, रॉड किंवा प्लेट गाडायची, मीटरपर्यंत वायर आणायची.

तिसरा मजला :
भाड्याच्या घरात खड्डा कोण खणून देतं हो?

जुना वाडा :
मी मालक आहे म्हणून बोलतो. भाडेकरूने कॉम्प्युटर आणला, गेम त्याचा मुलगा खेळतो, आणि खड्डा मी खणू?

लाईट गेली :
फ्रिजचं तिसरं भोकही कोरडंच आहे, काका. तो तुमचाच आहे, करारात लिहिलाय.

जुना वाडा :
धागा एसएमपीएसचा होता ना?