क्वायरमधल्या नव्या मुलीचा हेवा वाटतोय, काय करू?

अल्टो_दोन:
स्पष्टच लिहिते. चर्चच्या क्वायरमध्ये ८ वर्षं गातेय, आणि ४ महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला नाताळचा सोलो मिळाला. आवाज खरंच देवाने दिलेला आहे तिचा, तोच तर प्रॉब्लेम आहे, बेसूर असती तर मी मजेत राहिले असते. परवा प्रॅक्टिसला वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला आणि मला, प्रभू माफ कर, इतकं बरं वाटलं की गाण्याच्या वहीत तोंड खुपसून बसले. सगळे म्हणतात दुसऱ्याच्या कृपादानाचा, म्हणजे देवाने दिलेल्या देणगीचा, आनंद करा. करते हो, टाळ्या वाजवते, पण पोटात जळतं त्याचं काय?

जुना_टेनर:
ताई, बायबलमधल्या शौल राजाचंही गाण्यावरूनच बिनसलं. बाया गात आल्या, शौलाने हजार मारले नि दाविदाने दहा हजार, आणि राजाची नजर फिरली ती फिरलीच. बरं दावीद कोणी परका नाही, वीणा वाजवून त्यालाच बरं करणारा पोरगा. पण त्याच अध्यायात (१ शमुवेल १८) योनाथान बघा, शौलाचा मुलगा, गादीचा वारस, सगळ्यात जास्त गमावणारा तोच, आणि त्याने अंगातला झगा काढून दाविदाला दिला, वर तलवार, धनुष्य, कमरबंद. आधी हाताने द्यायचं, मन मागून येतं. ८ वर्षांत तुम्ही जे शिकलात त्यातलं काहीतरी द्या तिला.

मागच्या_बाकावरची:
टेनरभाऊ अध्याय परत वाचा, योनाथानाचा जीव दाविदावर पहिल्या वचनात जडतो, झगा चौथ्यात येतो 🙂 आणि ओळखच नसेल तर जीव जडणार कसा? आमच्यात एकजण इतकी सुंदर प्रार्थना करायची की मला तिचा रागच यायचा. मग ठरवून रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली, पहिला आठवडा नुसतं बिल भरल्यासारखं, आशीर्वाद दे आमेन. शेवटी तिलाच विचारलं तुझ्यासाठी काय मागू, तर म्हणाली सगळ्यांसमोर प्रार्थना करायच्या आधी भीतीने ओकारी येते. मी बघतच राहिले.
अजून एक, 'प्रीती हेवा करत नाही' हे लग्नात वाचून वाचून आपण विसरलोय की प्रेषित पौलाने ते कृपादानांवरून कुरकुरणाऱ्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलंय, १२व्या अध्यायात मंडळी म्हणजे एक शरीर नि आपण त्याचे अवयव हा दाखला आणि लगेच १३व्यात हे प्रीतीचं. पाय म्हणतो मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, हे वाक्य तर आपल्यासारख्यांचंच आहे बघ.

अल्टो_दोन:
बोलले तिच्याशी. मी तोंड उघडायच्या आधी तिनेच विचारलं, ताई तिसऱ्या ओळीत तुम्ही श्वास कुठे घेता, मला पुरतच नाही. सांगितलं, ओळ संपायची वाट बघू नकोस, दुसऱ्या शब्दानंतर हळूच चोरून घे.
नाताळच्या उपासनेत तिसरी ओळ आली तेव्हा माझाच श्वास अडकला होता. निघाली ती त्यातून, अगदी स्वच्छ. जळलं का? थोडं जळलं, खोटं कशाला बोलू, पण वही या वेळी मांडीवरच होती.